निवळीने पाणी का निवळते?
(जलप्रसादनाच्या शास्त्रोक्त विधीचा आधुनिक रसायनाच्या दृष्टीने विचार)

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५ वा अध्याय, म्हणजे द्रवद्रव्यविधि, आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात अभ्यासलेला आहे. परीक्षेत दुग्धवर्ग, इक्षुवर्ग, मद्यवर्ग यांवर प्रश्न येतात, त्यामुळे ते पाठ होतात; आरंभीच्या जलवर्गावरून मात्र बहुतेकांची दृष्टी वरवर फिरते. या जलवर्गात आचार्यांनी गढूळ पाणी स्वच्छ करणारी सात द्रव्ये सांगितली आहेत. कतक, गोमेद, बिसग्रंथि, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता आणि मणि ही ती सात. त्यांत कतकाचे नाव प्रथम आहे. कतक म्हणजे आपल्याकडची निवळी. वनस्पतिशास्त्रातील नाव स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम. या बीजाचे कार्य इतके सर्वपरिचित होते, की मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात ते दृष्टांत म्हणून येते: कतकाच्या फळाने पाणी निवळते हे खरे, पण केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा तेथील आशय आहे.

नाव घेण्यापुरतेच कतक आज आपल्या व्यवहारात उरले आहे, असे खेदाने म्हणावे लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या हाती एक छापील पत्रक आले. त्यात निवळीच्या बीजाने शुद्ध केलेले पाणी उकळण्याची गरज नाही, कारण ते शास्त्रोक्त रीतीने निर्दोष झालेले असते, असे ठसठशीत अक्षरांत छापले होते. पत्रक कोणाचे याला येथे महत्त्व नाही. पावसाळ्यात कावीळ, अतिसार आणि आंत्रिक ज्वराचे रुग्ण तपासणाऱ्या वैद्याने अशा विधानाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे, म्हणून हा लेखप्रपंच. निवळी पाण्यात नेमके काय करते हे कळले, की ती काय करीत नाही हेही आपोआप कळते.

गढूळपणा टिकतो कशामुळे?

घागरीत भरलेल्या गढूळ पाण्यातील वाळू काही क्षणांत तळाशी बसते. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र दिवसेंदिवस तरंगत राहतात. याचे पहिले कारण आकारमान होय. कणाचा खाली जाण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सामान्य तापमानाला २ मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण तासाला सुमारे १३ मिलिमीटर खाली जातो. म्हणजे एक वीतभर पाणी ओलांडण्यास त्याला जवळजवळ पाऊण दिवस लागतो. हाच कण दहापट लहान असेल, तर वेग शंभरपट कमी होतो आणि त्याच प्रवासास दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात तो तेवढ्यातही बसत नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात आणि तापमानातील किंचित फरकानेही पाणी आतल्या आत ढवळले जाते.

मग हे कण एकमेकांवर आदळून मोठे का होत नाहीत? मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. समान भाराचे कण जवळ येताच एकमेकांना दूर लोटतात. गोड्या पाण्यात हे प्रतिकर्षण कणाभोवती काही दशक नॅनोमीटरपर्यंत जाणवते. एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. अंतर एवढेसे, पण ते ओलांडल्याविना दोन कणांतील आकर्षण प्रभावी होत नाही. प्रत्येक कण जणू स्वतःभोवती सोवळ्याचे रिंगण आखून बसलेला असतो.

हे रिंगण मोडण्याचा एक मार्ग म्हणजे क्षार घालणे. नदी समुद्राला मिळते तेथे गाळ साचतो त्याचे एक कारण हेच. खाऱ्या पाण्यातील धनभारित आयन कणांभोवतीचे प्रतिकर्षण आखूड करतात व कण एकत्र येतात. आयनावरील भार जितका अधिक, तितका त्याचा प्रभाव कितीतरी पटींनी अधिक, हा नियम शुल्झे यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये मांडला. तुरटीतील ॲल्युमिनियमचा भार तीन आहे, हे तुरटीच्या गुणाचे अर्धे रहस्य. उरलेले अर्धे असे, की तुरटी पाण्यात विरघळल्यावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा कापसासारखा साका तयार होतो आणि खाली बसताना तो कणांना आपल्यात गुंतवून नेतो.

लांब साखळीचा पूल

निवळीचा मार्ग याहून वेगळा आहे. तिच्या बीजातील जलविद्राव्य भागात प्रामुख्याने शर्करेच्या शेकडो घटकांनी गुंफलेल्या लांब साखळ्या असतात. कार्बोहायड्रेट रिसर्च या नियतकालिकात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन संशोधकांच्या अभ्यासात या भागातून गॅलॅक्टन आणि गॅलॅक्टोमॅनन ही दोन बहुशर्करिके ओळखण्यात आली. एकच लहान घटक पुनःपुन्हा जोडून झालेल्या अशा रेणूंना रसायनशास्त्रात पॉलिमर अथवा बहुवारिक म्हणतात. बाभळीचा डिंक, इसबगोलाचा चिकट द्रव, भेंडीचा बुळबुळीतपणा, तांदळाची पेज या सर्वांचे पिच्छिलत्व याच लांब साखळ्यांमुळे असते. आपले पिच्छिल द्रव्य आणि रसायनज्ञांचे जलविद्राव्य बहुवारिक हे पुष्कळ ठिकाणी एकाच वस्तूचे वर्णन आहे, असे आमचे मत आहे.

ही साखळी पाण्यात सरळ ताठ नसते. सैल गुंतवळासारखी पसरलेली असते. गढूळ पाण्यात ती एखाद्या मातीच्या कणाला दोन-चार ठिकाणी चिकटते, आणि तिची उरलेली वेटोळी व मोकळी टोके पाण्यात लोंबत राहतात. ही टोके कणाभोवतीच्या प्रतिकर्षणाच्या रिंगणाबाहेर पोहोचतात, ही यातील मर्माची गोष्ट. दुसरा कण रिंगणाच्या आत न येताही त्या टोकाला चिकटू शकतो. एका साखळीने दोन कण, दुसरीने तिसरा, असे पूल बांधले जाऊन डोळ्यांना दिसणारा पुंजका तयार होतो व तळाशी जातो. चिकणमातीच्या संदर्भात ही सेतुबंधनाची कल्पना रूअरवाइन आणि वॉर्ड यांनी १९५२ मध्ये मांडली; पुढे ला मेर आणि हीली यांनी १९६३ मध्ये तिला गणिती रूप दिले.

निवळीच्या अर्कातील साखळ्यांवर ऋण भार असतो, असे या विषयावरील भारतीय संशोधन सांगते. मातीचे कणही ऋणभारित. तेव्हा येथे भार नाहीसा करून कण एकत्र आणले जात नाहीत; पूल बांधूनच आणले जातात. साखळी कणाला चिकटण्यास पाण्यातील कॅल्शियमसारख्या आयनांचे साहाय्य होते.

शेवग्याच्या बीजाची गोष्ट याच्या उलट आहे. सुदानमध्ये नाईलकाठच्या स्त्रिया नदीचे गढूळ पाणी वनस्पतींनी स्वच्छ करतात, याकडे सामिया अल अझारिया जान या संशोधिकेने १९७० च्या दशकापासून जगाचे लक्ष वेधले. त्यानंतर शेवग्याच्या बीजावर विपुल काम झाले. त्यातील कार्यकारी द्रव्य हे तुलनेने लहान, पण तीव्र धनभारित प्रथिन आहे. ते कणावर ठिकठिकाणी धनभाराची ठिगळे लावते आणि एका कणाचे ठिगळ दुसऱ्याच्या उघड्या ऋण पृष्ठाकडे ओढले जाते. दोन्ही बीजांनी पाणी निवळते म्हणून दोहोंची क्रिया एक मानणे बरोबर नाही. सुश्रुतोक्त सात द्रव्यांपैकी बिसग्रंथि व शैवालमूल ही पिच्छिल असल्याने निवळीच्या पंक्तीत बसतात. गोमेद, मुक्ता, मणि ही लांब रेणूंची द्रव्ये नव्हेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही. वस्त्राकडे पुढे येऊ.

मात्रा

आमच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत बोधप्रद भाग मात्रेचा आहे. पूल बांधला जाण्यासाठी एका कणाचा साखळीने झाकलेला भाग आणि दुसऱ्या कणाचा उघडा भाग यांची भेट व्हावी लागते. दोन्ही कण सर्वस्वी उघडे असतील तर पूल नाही; दोन्ही सर्वस्वी झाकलेले असतील तरीही नाही, कारण साखळीच्या टोकाला चिकटायला जागाच उरत नाही. ला मेर यांचा हिशेब सोपा आहे: झाकलेला अंश गुणिले उघडा अंश. पृष्ठभाग निम्मा झाकलेला असेल तर गुणाकार ०.२५ येतो, हा सर्वाधिक. एकदशांश झाकला असेल तर ०.०९, आणि नऊदशांश झाकला असेल तरीही ०.०९ च. म्हणजे अतिमात्रा ही हीनमात्रेइतकीच निष्फळ.

किंबहुना ती अधिक घातक आहे. पूर्णपणे झाकलेले कण नंतर कशानेही सहजी एकत्र येत नाहीत. साखळीचे आवरणच त्यांचे रक्षण करते. काजळाच्या पारंपरिक शाईत बाभळीचा डिंक याचसाठी घालतात, की काजळी तळाशी बसू नये. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सुवर्णाच्या सूक्ष्म कणांचे तांबडे द्रव तयार केले, तेव्हा क्षाराने ते निळे पडून बिघडते, पण थोडे जिलेटिन घातले तर टिकते, असे त्यांना आढळले. त्सिगमाँडी यांनी पुढे या रक्षक शक्तीचे मापन बसवले. त्यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच पिच्छिल द्रव्य अल्पमात्रेत कणांना बांधते आणि बहुमात्रेत त्यांना विलग ठेवते. मात्राभेदाने द्रव्याचे कर्म उलटते हे आपल्याला नवीन नाही. येथे त्याचे कारण डोळ्यांसमोर मांडता येते एवढेच.

आता जुन्या रीतीकडे पाहावे. निवळीचे बी कुटून पाण्यात टाकीत नसत. ते घागरीच्या किंवा रांजणाच्या आतील बाजूस, नाहीतर सहाणेवर पाण्यात उगाळीत, आणि मग पाणी भरून रात्रभर निवांत ठेवीत. बी कठीण असते. उगाळताना त्याचा फार थोडा अंश उतरतो, आणि जो उतरतो तो पूर्ण भिजून साखळ्या मोकळ्या झालेल्या अवस्थेत. मिलिग्रॅमच्या हिशेबाने लागणारे द्रव्य तराजूविना मोजण्याची याहून चांगली युक्ती आम्हाला सुचत नाही. चूर्ण चमच्याने टाकणारा आजचा मनुष्य नेमकी येथेच अतिमात्रा करतो, आणि पाणी निवळले नाही म्हणून शास्त्राला दोष देतो.

ढवळण्यासही नियम आहे. साखळी सर्व पाण्यात पोहोचावी म्हणून आरंभी अर्धा-एक मिनिट जोराने ढवळावे; नंतर कण एकमेकांस भेटावेत म्हणून पंधरा-वीस मिनिटे अगदी हळू. पुंजके धरल्यावर जोराने ढवळले तर ते फुटतात. तुटलेल्या पुलाची साखळी स्वतःच्याच कणावर आडवी होऊन चिकटते व पूल पूर्ववत बांधला जात नाही.

कोल्हापूरकडील गुऱ्हाळांत हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर चालते. काहिलीत उसाचा रस तापू लागला, की भेंडीची झाडे ठेचून काढलेला चिकट द्रव त्यात घालतात. रसातील तरंगते कण व गोठलेली प्रथिने त्यात गुंततात. मात्र येथे पुंजके बसण्याऐवजी वर येतात, कारण तापलेल्या रसातील हवेचे व वाफेचे बुडबुडे त्यांत अडकतात. हीच मळी. ती वेळेवर काढणे यात गुळव्याचे कसब असते. उकळी फुटली तर मळी पुन्हा रसात मिसळते. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून वापरली जाणारी हायड्रोस पावडर वेगळी. ती कण बांधत नाही, केवळ रंग उडवते. रुग्णास गूळ सांगताना हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रक्तातील हेच कर्म

आपण नित्य करवून घेत असलेली एक तपासणी याच तत्त्वावर उभी आहे, याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. रक्तकण ऋणभारित असतात व एकमेकांपासून दूर राहतात. रक्तरसातील फायब्रिनोजेन हा लांब, सुमारे ३,४०,००० रेणुभाराचा प्रथिन रेणू वाढला, की ते चकत्यांच्या चळतीसारखे एकमेकांस चिकटतात आणि नळीत लवकर खाली बसतात. या चळती लांब रेणूंच्या पुलांनी होतात, की दोन कणांमधील फटीत लांब रेणू मावत नसल्याने बाहेरील दाबाने होतात, याविषयी दोन मते आहेत. फाऱ्हेयस यांनी १९१८ मध्ये व वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये रूढ केलेली ई.एस.आर. ही तपासणी मोजते ती ही चळतींची प्रवृत्ती. डेक्स्ट्रन या बहुशर्करिकाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे: त्याची लांब साखळी रक्तकणांच्या चळती वाढवते, आखूड साखळी त्या वाढवीत नाही.

सिकलसेल व्याधीत कोयत्याच्या आकाराचे रक्तकण नीट चळत रचू शकत नाहीत. त्यामुळे संसर्ग असूनही ई.एस.आर. कमी दिसू शकतो. विदर्भात व नंदुरबारसारख्या भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी अशा कमी आकड्यावर विसंबून राहू नये.

प्रसादन आणि शोधन

आता मूळ प्रश्न. निवळीने निवळलेले पाणी निर्दोष म्हणावे काय?

आचार्यांचे उत्तर त्याच अध्यायात आहे. कलुष जलाचे प्रसादन त्यांनी वेगळे सांगितले आणि व्यापन्न जलाचा उपाय वेगळा सांगितला. स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक या सहा प्रकारच्या दोषांनी युक्त अशा व्यापन्न जलासाठी अग्नीवर उकळणे, सूर्यतापात तापवणे, तप्त लोहगोळा, वाळू किंवा मातीचे ढेकूळ त्यात विझवणे हे विधी आहेत. त्या यादीत कतक नाही. रूपदोष दिसतो, वीर्यदोष दिसत नाही. पत्रक लिहिणाऱ्याने दोन सूत्रांचे एक केले, आणि तेही शास्त्राच्या नावाने.

आधुनिक माहिती याच भेदास पुष्टी देते. सूक्ष्म जंतूंचे पृष्ठभागही बहुधा ऋणभारित असतात व मातीच्या कणांना चिकटून राहतात. त्यामुळे पुंजक्यांबरोबर त्यांचा बराच अंश खाली जातो. परंतु सर्व जात नाहीत. कावीळ करणारे विषाणू तर फारच सूक्ष्म. जे खाली जातात तेही मरत नाहीत, गाळात जिवंत राहतात. शिवाय बीजातील शर्करा व प्रथिने पाण्यात उरतात आणि जंतूंना अन्न मिळते. निवळीचे किंवा शेवग्याचे पाणी दुसऱ्या दिवशी वास मारू लागते ते यामुळे.

मग प्रसादनाचा उपयोग काय? तो मोठा आहे, मात्र पूर्वकर्म म्हणून. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतील सेंद्रिय द्रव्यावरच खर्च होते आणि कणांच्या आड दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवण्याची जी पद्धत आज अनेक देशांत सांगितली जाते, तीही पाण्याचा गढूळपणा ३० एककांहून कमी असेल तरच करावी असा नियम आहे. सूर्यतापनाआधी प्रसादन हवे ते असे. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एकक आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ५ एकक.

वस्त्राचेही तसेच. जुनी साडी अनेक पदरी करून पाणी गाळल्याने बांगलादेशातील मतलब येथे पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले, असे रिटा कोलवेल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पटकीचा जंतू साडीच्या छिद्रांहून कितीतरी लहान. पण तो पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी वस्त्रात अडकतात. लहानाला मोठ्यात बांधले की वस्त्र त्याला अडवू शकते. आपत्तीच्या प्रसंगी वाटल्या जाणाऱ्या जलशुद्धीकरणाच्या पुड्यांत फेरिक सल्फेट, लांब साखळीचे बहुवारिक व क्लोरीनयुक्त द्रव्य एकत्र असते. दहा लिटर पाण्यात पुडी टाकून पाच मिनिटे ढवळायचे, पाच मिनिटे स्थिर ठेवायचे, कापडाने गाळायचे आणि वीस मिनिटे थांबायचे. प्रसादन, वस्त्र आणि शोधन हा क्रम तेथेही चुकलेला नाही. नगरपालिकांच्या शुद्धीकरण केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या पॉलिॲक्रिलामाइडची साखळी निवळीहून पुष्कळ लांब असते. मात्र तिच्यात न जोडले गेलेले ॲक्रिलामाइड विषारी असते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. निवळीत ही भीती नाही, हा तिचा खरा अधिक गुण.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडील अनेक गावांत चोहीकडे पाणी असून पिण्यास योग्य पाणी नव्हते. अशा वेळी गावातील वैद्याला लोक विचारतातच. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या चिकित्सालयात एकदा पुढील प्रयोग करून ठेवावा, असे आम्ही सुचवतो. एकाच ठिकाणचे गढूळ पाणी पाच काचेच्या भांड्यांत प्रत्येकी एक लिटर घ्यावे. पहिल्यात काही घालू नये. उरलेल्या चारांत सहाणेवर अनुक्रमे पाच, दहा, वीस व चाळीस वळसे उगाळलेली निवळी घालावी. वर सांगितल्याप्रमाणे ढवळून तासाभराने भांड्यांमागे छापील कागद धरावा व अक्षरे कोठे स्पष्ट वाचता येतात ते पाहावे. पाणी बदलले की योग्य वळशांची संख्या बदलते. म्हणून ऋतुपरत्वे पुन्हा पाहावे.

बीज घेताना ते स्वतः पारखावे. निवळी आणि कुचला एकाच प्रजातीतील आहेत. कुचल्याचे बी बटणासारखे चपटे, रुपयाएवढे आणि रेशमी लवेने झाकलेले असते; निवळीचे लहान व गोलसर. बाजारातून आलेल्या मालात एकही चपटे, लव असलेले बी दिसले तर तो संपूर्ण माल परत करावा. निवळलेले पाणी तळाची दोन बोटे सोडून अलगद ओतून घ्यावे, स्वच्छ सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे, खळखळून उकळावे, आणि त्याच दिवशी संपवावे.